दांडी हलली, पण शेपूट हललं का? : ग्लायडरच्या कंट्रोल सरफेसची तपासणी

मी वडगाव मावळची. लहानपणापासून दिवाळी झाली की कामशेतच्या डोंगरावर रंगीबेरंगी पॅराग्लायडर तरंगताना बघत आलेय. तेव्हा वाटायचं, वर जाणं अवघड असेल. आता पंख असलेल्या, म्हणजे खऱ्याखुऱ्या विमानासारख्या दिसणाऱ्या ग्लायडरच्या हँगरमध्ये हात काळे करायला लागल्यापासून कळलंय की वर जायला फार काही लागत नाही. वर गेलेलं यंत्र आपलं ऐकेल याची खात्री जमिनीवर करून घेणं, हे खरं काम.

आजचा भाग त्याच कामावर आहे. बऱ्याच जणांनी विचारलं होतं, "ग्लायडरला इंजिनच नाही, मग त्यात मेंटेनन्स कसला?" प्रश्न चांगला आहे. इंजिन नाही म्हणूनच. मोटरवालं विमान उतरताना चुकलं तर इंजिन वाढवून पुन्हा एक फेरी मारू शकतं. ग्लायडरला ती मुभा नाही. वैमानिकाच्या हातात असतात फक्त काही हलणारे पृष्ठभाग. पंखाच्या मागच्या कडेला बाहेरच्या बाजूला एलेरॉन, त्यांनी ग्लायडर डावी-उजवीकडे कलतं. शेपटीवर आडवा एलिव्हेटर, त्याने नाक वर-खाली. आणि उभा रडर, त्याने नाक डावी-उजवीकडे. शिवाय पंखातून वर येणारे एअरब्रेक, उतरताना उंची मोडायला. एवढंच भांडवल.

हे सगळं बिजागरीवर टांगलेलं असतं. घराच्या दाराला असते तशीच बिजागरी, फक्त हिच्यावर जीव टांगलेला. स्टिकपासून एलेरॉन आणि एलिव्हेटरपर्यंत बहुतेक ग्लायडरांत पोकळ नळ्या जातात, त्यांना पुशरॉड म्हणतात. रडरला मात्र पायातल्या पेडलपासून स्टीलच्या केबल असतात. मध्ये कोपरे, बेअरिंग, पुल्या, सांधे. तपासणी म्हणजे या साखळीतली प्रत्येक कडी बघणं.

आधी माझी फजिती सांगते, म्हणजे तुम्ही पुढचं नीट ऐकाल.

ग्लायडरचे पंख आणि शेपूट काढता येतात. ट्रेलरवर घालून नेतात आणि मैदानावर पुन्हा जोडतात. एका ठिकाणी, नाव कशाला, आम्ही असंच एक ग्लायडर जोडत होतो. एलिव्हेटर बसवायचं काम माझ्याकडे होतं. बोल्ट घातला, घट्ट केला, आता आतला सांधा अडकवायचा, तेवढ्यात कुणीतरी हाक मारली, "अगं, पंखाखाली जरा हात लाव." मी गेले. हात लावला. परत आले तर एलिव्हेटर जागेवर दिसतोय, छान बसलाय. डोक्यात टिकमार्क पडली, झालं. कॉकपिटमध्ये बसून स्टिक पुढे-मागे केली. एकदम मऊ, कुठे अडकत नाही. मी म्हटलं, "सर, कंट्रोल फ्री आहेत."

सर काही बोलले नाहीत. शेपटीकडे गेले, एलिव्हेटर दोन्ही तळव्यांत धरला आणि म्हणाले, "आता मागे ओढ." मी स्टिक पोटापर्यंत ओढली. "ओढलीस का?" "हो सर, पूर्ण." "इकडे काहीच आलं नाही." 

माझ्या पोटात गोळा आला तो आजही आठवतो. स्टिक इतकी मऊ का होती? कारण तिच्या दुसऱ्या टोकाला काही जोडलेलंच नव्हतं. मोकळी स्टिक हलकी लागते आणि आपण तो हलकेपणा चांगल्या तब्येतीचं लक्षण समजतो.

विंचवर ग्लायडर कसं सुटतं हे बघितलं असेल तर तुम्हाला यातला धोका लगेच कळेल. दूरवरचं विंच केबल गुंडाळायला लागतं, ग्लायडर काही सेकंदांत जमीन सोडतं आणि पतंगासारखं नाक वर करून चढतं. त्या चढाईत एलिव्हेटर हातात नसेल तर विचार करायलाही वेळ मिळत नाही. जगभरात अशा न जोडलेल्या कंट्रोलमुळे अपघात झालेत, आणि त्यातले कितीतरी वैमानिक अनुभवी होते. नवशिक्या घाबरून तीनदा बघतो. जुना माणूस गप्पा मारत जोडतो.

म्हणून जी चाचणी सरांनी केली तिला पॉझिटिव्ह कंट्रोल चेक म्हणतात. दोन माणसं लागतात. एक कॉकपिटमध्ये, दुसरा बाहेर. बाहेरचा माणूस पृष्ठभाग हलक्या हाताने पण ठाम धरून ठेवतो आणि आतला स्टिक ढकलतो. बाहेरच्याच्या हाताला जोर जाणवला पाहिजे, आणि आतल्यालाही अडथळा जाणवला पाहिजे. एलेरॉन, एलिव्हेटर, रडर, एअरब्रेक, एकेक करून. धरताना मागची पातळ कड चिमटीत दाबायची नाही, ती चेपते. तळहात सपाट ठेवून धरायचं. 

त्याच वेळी दिशाही बघायची. केबल किंवा रॉड काढून परत जोडले की उलटे जोडले जाण्याची शक्यता असते. हसू नका, हे झालेलं आहे. सोपी खूण सांगते: स्टिक मुठीत धरा आणि अंगठा वर करा. स्टिक डावीकडे झुकवली की अंगठा डावीकडे कलतो. ज्या बाजूला अंगठा, त्या बाजूचा एलेरॉन वर गेला पाहिजे. 

आता तो सांधा. जुन्या युरोपियन ग्लायडरांत बऱ्याचदा गोळी आणि वाटी असा जोड असतो, फ्रेंच कंपनीच्या नावावरून त्याला लोटेलिए म्हणतात. गोळी वाटीत शिरते आणि स्प्रिंगवरची एक छोटी पाचर तिला अडकवते. गोम अशी की गोळी अर्धवट शिरली तरी जोड लागल्यासारखा वाटतो. पाचरीला एक बारीकसं भोक असतं. पाचर पूर्ण बसली तरच ते बाहेर दिसतं आणि त्यातून सेफ्टी पिन जाते. अपघातांनंतर अशा जोडांना पिन किंवा वरून सरकणारी बाही लावायचे निर्देश निघाले. पिन जात नसेल तर जोर लावायचा नाही. पिन जात नाही म्हणजे जोड लागलेला नाही, ती तेच सांगतेय. नव्या ग्लायडरांत पंख बसवला की कंट्रोल आपोआप जोडले जातात. तरी चाचणी सुटत नाही.

आणि माझी मूळ चूक काय होती? मधेच उठणं. रोजच्या तपासणीला डीआय म्हणतात, डेली इन्स्पेक्शन. ग्लायडरभोवती एकाच दिशेने फिरायचं, ठरलेल्या क्रमाने. मधे कुणी बोलावलं, फोन वाजला, चहा आला, तर परत आल्यावर जिथे सोडलं तिथून नाही, पहिल्यापासून. हँगरमधले आमचे एक काका चहाचा कप हातात घेऊन कुणी ग्लायडरजवळ आलं की नुसतं बघतात. तेवढं पुरतं.

फोनवरून आठवलं. तुमचा फोन कॉकपिटमध्ये सैल ठेवायचा नाही. फोन, पेन, नाणं, पाण्याची बाटली, काहीही घसरून स्टिकच्या बुडाशी किंवा पेडलमागे जाऊ शकतं. डीआयमध्ये सीटखाली हात घालून बघायचं असतं. पण हाच फोन हँगरमध्ये फार कामाचा आहे. टॉर्च, छोटा आरसा आणि कॅमेरा एवढ्यावर अर्धी तपासणी होते. मी दर महिन्याला त्याच बिजागरीचा त्याच कोनातून फोटो काढते. रंगातली केसाएवढी रेघ वाढतेय की तेवढीच आहे, हे आठवणीवर सोडायचं नाही. अर्थात फोटो म्हणजे नोंद नव्हे. नोंद लॉगबुकमध्येच, सहीसकट.

आता ढिलाई. हँगरमध्ये सगळे "प्ले" म्हणतात. स्टिक घट्ट धरून ठेवायची आणि दुसऱ्याने एलेरॉनची मागची कड हळूच वर-खाली करायची. थोडीशी हालचाल होतेच. किती चालेल हे त्या ग्लायडरच्या मेंटेनन्स मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. पट्टी लावून मोजायचं आणि त्या आकड्याशी ताडायचं. "थोडं लूज आहे, चालतं" हे वाक्य दुचाकीच्या आरशाला ठीक आहे. ढिलाई जास्त निघाली तर ती कुठून येतेय ते शोधायचं. एकाने स्टिक किंचित हलवायची आणि दुसऱ्याने एकेका सांध्यावर बोटं ठेवत जायचं. झिजलेला सांधा बोटाला टिक्-टिक् लागतो. बिजागरीची पिन असेल, बेअरिंग असेल, रॉडचं टोक असेल. भरपूर ग्रीस थापून ढिलाई लपवता येते, चार दिवस. ग्रीसला धूळ चिकटते आणि ती धूळ पॉलिश पेपरसारखी घासत राहते. कुठे काय लावायचं आणि कुठे काहीच लावायचं नाही हेही मॅन्युअलच सांगतं. काही बेअरिंग सीलबंद असतात, त्यांना तेल दाखवायचंसुद्धा नाही.

रॉडच्या टोकाला आटे असतात, लांबी कमी-जास्त करायला. तिथे एक बारीक तपासणीचं भोक असतं. त्यातून तार घालून बघतात. तार आरपार गेली तर आटे पुरेसे आत नाहीत. लांबी बदलली की पृष्ठभाग वर किती अंश आणि खाली किती अंश जातो ते पुन्हा मोजायचं. कंपासपेटीतल्या कोनमापकाचा मोठा भाऊ लागतो, बाकी काही नाही.

रडरची केबल बघायची तर जुनं सुती फडकं तिच्यावरून ओढायचं. एखादी तार तुटून उभी राहिली असेल तर फडक्याचा धागा अडकतो. उघड्या बोटाने करायचं नाही, मी केलंय, रक्त येतं. केबल तुटते ती मधल्या सरळ भागात फारशी नाही. जिथे ती वळते तिथे तुटते: पुलीवर, आणि बऱ्याच ग्लायडरांत पेडलमधल्या इंग्रजी एस अक्षरासारख्या नळीत. ती जागा बघायला कॉकपिटमध्ये डोकं खाली पाय वर व्हावं लागतं. म्हणूनच ती राहून जाते.

आता या भागातला माझा आवडता विषय. फडफड. इंग्रजीत फ्लटर.

एक्सप्रेसवेवर ट्रकची ताडपत्री सुटलेली बघितली असेल. ट्रक हळू असतो तोवर ती लोंबते. वेग वाढला की एका क्षणी अशी काही फडफडायला लागते की चिंध्या होतात. ग्लायडरच्या एलेरॉनचं तसं होऊ शकतं. समजा पंखाचं टोक झटक्याने वर गेलं. एलेरॉनचं वजन बिजागरीच्या मागे जास्त असेल तर तो मागे रेंगाळतो, म्हणजे पंखाच्या मानाने खाली राहतो. एलेरॉन खाली म्हणजे त्या पंखाला जास्त उचल. म्हणजे पंख आणखी वर. मग पंख स्प्रिंगसारखा खाली येतो, एलेरॉन वर राहतो, आणि पंख आणखी खाली ढकलला जातो. प्रत्येक फेरीत हवा थोडी शक्ती घालत जाते. झोक्याला योग्य वेळी धक्का देत राहिल्यासारखं. ठरावीक वेगाच्या पुढे हे इतक्या भराभर वाढतं की काही सेकंदांत पृष्ठभाग किंवा पंखच तुटू शकतो.

यावर उपाय जुना आणि साधा आहे: बिजागरीच्या पुढे शिसं. एलेरॉनच्या पुढच्या भागात वजन बसवून तोल साधतात, म्हणजे तो रेंगाळत नाही. याला मास बॅलन्स म्हणतात. आणि इथेच रंगाचा डबा धोकादायक होतो.

हिशोब करू. एलेरॉनवर नवा रंग मारला, दिसायला झकास. समजा रंगाचं वजन झालं फक्त २५ ग्रॅम, आणि सरासरी ते बिजागरीच्या १२ सेंटिमीटर मागे आहे. २५ गुणिले १२, म्हणजे ३०० ग्रॅम-सेंटिमीटर मागच्या बाजूला वाढले. शिसं बिजागरीच्या पुढे फक्त ४ सेंटिमीटरवर बसत असेल तर तोल परत आणायला ७५ ग्रॅम लागेल. २५ ग्रॅम रंगापायी एलेरॉन एकूण १०० ग्रॅमने जड. आकडे माझे, समजावण्यापुरते. पण मॅन्युअलमध्ये प्रत्येक पृष्ठभागाचं जास्तीत जास्त वजन आणि हा गुणाकार, दोन्हींच्या मर्यादा दिलेल्या असतात. शिसं वाढवून गुणाकार जमेल, वजन बाहेर जाईल. मग? रंग खरवडायचा. म्हणून रंग मारणारे आधी जुना थर उतरवतात. दुरुस्ती किंवा रंग झाला की पृष्ठभाग काढून, बिजागरीवर मोकळा टेकवून, मागच्या कडेखाली वजनकाटा ठेवून मोजतात. आलेला आकडा लॉगबुकात. हे न करता उडालेलं ग्लायडर कदाचित शंभर वेळा नीट उतरेल, कारण कुणी वेगाने नेलंच नाही.

पाण्याचंही तेच. पृष्ठभागाच्या खालच्या बाजूला पाणी निघून जायला बारीक छिद्रं असतात. धुतल्यावर किंवा पावसानंतर छिद्र बुजलेलं असेल तर पाणी आतच राहतं, नेमकं मागच्या कडेशी. आपल्याकडे कुंभारमाशी हा आणखी एक ताप. जिथे भोक दिसेल तिथे मातीचं घर. आठवडाभर उभं असलेल्या ग्लायडरची छिद्रं आणि हवेचा वेग मोजायची नळी बघितल्याशिवाय पुढे जायचंच नाही.

पाऊस आला म्हणजे नक्षत्रं आलीच. हे तुमच्यापैकी किती जणांना माहितीये बघू. आपल्या देशात नागरी विमान वाहतूक खात्याच्या टेक्निकल सेंटरने स्वतः ग्लायडर बनवली, आणि त्यांना नावं दिली नक्षत्रांच्या क्रमाने. अश्विनी १९५८ मध्ये उडालं. मग भरणी, कृत्तिकेवरून कार्तिक, रोहिणी, मृगशीर, आर्द्रा. रोहिणी १९६१ चं, दोघं शेजारी शेजारी बसायचे. आर्द्रा १९७९ चं, एकामागे एक. आपल्या मावळात मृग आणि आर्द्रा म्हटलं की भाताची रोपं डोळ्यांपुढे येतात, आणि गंमत अशी की ही लाकडी ग्लायडरं नेमकी पावसालाच घाबरायची. लाकूड दमट हवेत फुगतं, गोंद सुटतो, वरच्या कापडाखाली बुरशी धरते. स्क्रूभोवती काळा डाग दिसला की आत पाणी गेलंय समजायचं. लाकडी पृष्ठभाग नखाने टकटक करून ऐकतात. चांगला सांधा टणक वाजतो, सुटलेला बद्द वाजतो. माठ घेताना आजी वाजवून बघते तसंच. फायबरग्लासचं ग्लायडरही असंच वाजवून बघतात. लोणावळ्याला पावसाळ्यात भिंतीवरची कॅलेंडरं वळतात, तिथे लाकडी पंखाची काय कथा.

पुण्यात हडपसरला केंद्र सरकारच्या डीजीसीएचं ग्लायडिंग सेंटर आहे, म्हणजे आपल्यापासून एक लोकल आणि एक बस. ग्लायडर असलं तरी ते कायद्याने विमानच. त्याला एअरवर्दीनेसचं सर्टिफिकेट लागतं, त्याची ठरावीक मुदतीने फेरतपासणी होते, आणि दुरुस्तीवर परवानाधारक एएमईची, म्हणजे एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअरची सही लागते. माझ्यासारखी मदतनीस पुसू शकते, बघू शकते, दाखवू शकते. "मीच नट बदलला" असं करू शकत नाही. सुरुवातीला मला हे फार सरकारी वाटायचं. एलिव्हेटरच्या त्या दिवसानंतर नाही वाटलं.

डोळ्यांना मर्यादा आहेत, हेही सांगायला हवं. चेकोस्लोव्हाकियाचं एल-१३ ब्लानिक हे धातूचं ग्लायडर. अडीच हजारांहून जास्त बनली, जगभरच्या पिढ्या त्याच्यावर शिकल्या. २०१० च्या जूनमध्ये ऑस्ट्रियात एकाचा पंख हवेत तुटला. कारण, पंखाच्या मुख्य तुळईत थकव्याने पडलेली चीर. त्यानंतर युरोपच्या यंत्रणेने या जातीची उड्डाणं थांबवली. अशी चीर रोजच्या फेरीत दिसत नाही. ती पकडायला उड्डाणाचे तास, लॉन्चची संख्या आणि कडक लँडिंगच्या नोंदी लागतात. म्हणून "जरा आपटलं, पण काही झालं नाही" हेसुद्धा लिहायचं. न लिहिलेलं लँडिंग पुढच्या माणसाच्या खात्यावर जातं.

शेवटी एका श्रोत्याचा प्रश्न: "ताई, कामशेतला पॅराग्लायडिंग शिकतोय, आमच्याकडे एलेरॉनच नाही, मी काय बघू?"

अरे, तुझं एलेरॉन म्हणजे कापडाची मागची कड, आणि पुशरॉड म्हणजे ब्रेकची दोरी. हँडलपाशी गाठ बघ, पक्की आहे का. दोरी जिथे पुलीतून जाते तिथलं वरचं आवरण सोललंय का ते बघ. हात पूर्ण वर असताना ब्रेकच्या दोरीत थोडा झोल दिसलाच पाहिजे. कुणी ती आवळून आखूड केली असेल तर हात सोडले तरी ब्रेक लागलेलाच राहतो, आणि छत्री मंद होऊन स्टॉलच्या जवळ उडते. उडण्याआधी दोन्ही ब्रेक ओढून मान वळवून बघ, कड दोन्ही बाजूंनी सारखी खाली येते का. बाकीच्या दोऱ्याही वर्षागणिक बदलतात. डायनिमाच्या आखडतात, अरामिडच्या पुन्हा पुन्हा दुमडून कमजोर होतात. त्यांची लांबी आणि ताकद मोजून घ्यायची, आणि ते काम तुझं नाही, वर्कशॉपचं. उन्हात छत्री पसरून सेल्फी काढत बसू नकोस, कापड उन्हाने मरतं. आणि रिझर्व्ह शेवटचं कधी उघडून परत घडी केलं ते तुझ्या शिक्षकांना विचार. तारीख सांगता आली पाहिजे त्यांना. "अलीकडेच" म्हणाले तर परत विचार.

चला, कान्हे फाटक पडलंय, माझी लोकल येतेय. पुढच्या भागात विंचबद्दल बोलू.